निळ्या डोहांवरचे गाव

२० मार्च २०१५, शुक्रवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या इमारतीखाली मी गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या आसनावर बसलेल्या पप्पांचे वजन ६०.४ किलो होते. डॉक्टरांनी त्यांचे ‘कोरडे वजन’ ५८.५ ठरवून दिले होते. डायलिसिसने शरीरातले जादा पाणी काढल्यावर जे उरायला हवे, ते कोरडे वजन. वरचे सगळे पाणी. शनिवार, सोमवार, बुधवार हे त्यांचे डायलिसिसचे दिवस असल्यामुळे शुक्रवार हा आठवड्यातला सर्वांत जड दिवस ठरे. मूत्रपिंडे जवळजवळ थांबली होती आणि बुधवारनंतर प्यालेला प्रत्येक घोट अंगातच साठत राही. दिवसाला आठशे मिलिलिटरची मर्यादा होती. तीत चहा येई, आमटी येई, गोळ्यांबरोबरचे पाणीही येई.

अशा दिवशी त्यांना डोंगरात नेऊ नये, असे आईचे मत होते आणि ते तिने दोन दिवस निरनिराळ्या शब्दांत मांडले होते. बैठकीच्या खोलीत सामानाची खोकी बांधता बांधता ती म्हणाली होती की पाणी पिण्याचा दिवस आणि माणसालाच पाणी नाही, तर यंदा घरीच बसा. पप्पांनी ऐकले नाही. महिनाअखेरीला त्यांची नोकरी संपत होती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि एकोणतीस वर्षांचे मस्कतही. ओमानमधला हा त्यांचा शेवटचा वीस मार्च होता.

हा दिवस आमच्या घरात काय आहे, ते सांगायला हवे. पप्पांचे गाव महाड तालुक्यातले. १९२७ साली याच तारखेला चवदार तळ्यावर जी माणसे चालत गेली त्यांच्यात माझे पणजोबा होते. तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीने प्यायले आणि परतताना डोक्यावर काठी खाल्ली. पुढे आजोबांनी त्या दिवसाचा घरापुरता एक नियम केला: वर्षातून एकदा, ज्यावर कोणाचाही हक्क चालतो अशा पाण्यापाशी जायचे आणि ओंजळीने प्यायचे. त्याला भाषणाची किंवा फुलांची जोड नव्हती. पप्पांनी हा नियम समुद्रापलीकडे आणला. माझ्या लहानपणी एका वर्षी आम्ही रुस्ताकच्या ऊन झऱ्यावर गेलो होतो, एका वर्षी निझवाजवळच्या पाटावर. आणि दहावीच्या परीक्षेमुळे माझा वेळ जाऊ नये म्हणून एका वर्षी, घराजवळच्या मशिदीच्या भिंतीला लावलेल्या थंड पाण्याच्या कूलरवर. भर दुपारी टाय लावलेला एक विद्युत अभियंता नळाखाली ओंजळ धरून वाकलेला पाहून टॅक्सीवाले गोंधळले होते. मला तेव्हा लाज वाटली होती की गंमत, हे आता नक्की आठवत नाही.

यंदा जागा त्यांनी निवडली. “तुझं ते निळं पाणी दाखव,” म्हणाले. भूरसायनशास्त्राची एम.एस्सी. झाल्यापासून वर्षभर मी एका संशोधन प्रकल्पासाठी रुस्ताकमागच्या डोंगरांतले पाण्याचे नमुने गोळा करत होते. सप्टेंबरात त्याच विषयावर पीएच.डी. करायला मी परदेशी जाणार होते. ते पाणी पिण्याजोगे नाही, हे मी त्यांना सांगितले. पण डोहांच्या वरच्या अंगाला एक गाव आहे आणि त्या गावाला डोंगराच्या पोटातून आणलेला गोड्या पाण्याचा पाट आहे, हेही सांगितले. मग हिशेब मांडला. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मी त्यांची ओंजळ मोजली: नव्वद मिलिलिटर. ते म्हणाले, “माझी ओंजळ गळकी आहे मॅडम, दहा टक्के वजा करा.” मी वजा केले नाही. आठशेतले नव्वद बाजूला ठेवले आणि उरलेल्यांत दिवस बसवला.

रुस्ताक ओलांडल्यावर डांबरी रस्ता सुटतो आणि गाडी नदीच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांवरून चालू लागते. दोन्ही बाजूंचे डोंगर तिथे रंग बदलतात. मागे राहिलेले चुनखडीचे कडे करडे आणि उभे होते. हे बुटके, तपकिरी-काळे, ठिकऱ्या उडालेले, आणि त्यांच्यावर गवताचे पाते नाही. पप्पांनी विचारले की हे जळल्यासारखे का दिसतात. मी सांगितले की हा खडक डोंगर होण्यासाठी जन्मलेलाच नाही. समुद्राच्या तळावर ज्वालामुखींतून जमीन तयार होते, त्या जमिनीच्याही खाली, पृथ्वीच्या पोटात तो होता. दोन भूखंडांच्या रेट्यात समुद्राचा तो तुकडा उलथून वर आला आणि उन्हात पडला. जगात इतका मोठा तुकडा इतक्या उघड्यावर क्वचितच पाहायला मिळतो. त्यांनी बाहेर पाहत मान डोलावली. त्यांना थकवा आला होता. थकले की ते प्रश्न विचारत, म्हणजे उत्तर देण्याचे काम समोरच्याकडे जाई.

नऊच्या सुमारास आम्ही डोहांपाशी पोचलो. दोन डोह आहेत, एक वर आणि एक खाली, मध्ये पुरुषभर उंचीचा खडक. पाणी दुधाळ निळे. तळाशी पांढरा चिखल, काठाला पांढरे थर, आणि हवा पडलेली असेल तेव्हा पाण्यावर एक पातळ कडक पापुद्रा धरतो. काडीने टोचला की त्याच्या चिपा होऊन बुडतात.

“साय आली आहे,” पप्पा म्हणाले.

मी म्हणाले की तुलना बरोबर आहे, फक्त ही साय चुन्याची आहे. पावसाचे पाणी या खडकात झिरपते, वर्षानुवर्षे हवेशिवाय आत राहते, खडक त्याच्याशी रासायनिक व्यवहार करतो, आणि ते बाहेर येते तेव्हा इतके अल्कधर्मी झालेले असते की हवा लागताक्षणी त्याचा चुना होऊ लागतो. तळातून मधूनच बुडबुड्यांची माळ वर येत होती. तो हायड्रोजन. मी सवयीने उपकरण बाहेर काढले आणि वरच्या डोहाचा सामू, म्हणजे पीएच, घेतला. ११.४. साबणाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ तीव्र.

ते सावलीत एका दगडावर बसून पाहत होते. त्यांच्या ओठांवर पांढरट कोरड होती आणि ते जीभ फिरवत नव्हते. जीभ फिरवली की तहान वाढते, हे त्यांना वर्षभरात कळले होते. तहानेबद्दल ते कधी बोलत नसत. पण दवाखान्यातून आल्यावर स्वयंपाकघरातला नळ कुणी उगाच सोडलेला त्यांना चालत नसे, आणि तो आवाज थांबेपर्यंत ते बोलत नसत. त्या सकाळी डोहांत वरून पडणाऱ्या धारेचा आवाज अखंड चालू होता. मी त्यांना जीपच्या दिशेने जरा मागे बसायला सांगितले. ते म्हणाले, असू दे.

थोड्या वेळाने ते उठून काठाशी आले आणि दोन बोटे पाण्यात बुडवून एकमेकांवर घासली. बुळबुळीत लागले असणार, तसेच लागते. त्यांनी बोटे रुमालाला पुसली. इतक्या पाण्यापाशी येऊन ते नुसते पाहून परत जायचे, याबद्दल ते काही म्हणतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, “काम चांगलं निवडलंस.” त्यांनी माझ्या विषयाबद्दल दिलेला हा एकमेव अभिप्राय.

गाव डोहांपासून अर्ध्या तासाच्या चढावर आहे. जीप निम्म्यापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. पप्पा पाच-सात पायऱ्यांनंतर थांबत आणि थांबण्याला निमित्त म्हणून काहीतरी दाखवत: मातीच्या भिंतीत बसवलेले लाकडी दार, कड्याला चिकटवल्यासारखी घरे, खालच्या टप्प्यांवर लसूण आणि जनावरांचा हिरवा चारा, त्यांवर खजुरांची सावली. शंभरएक उंबऱ्यांचे हे गाव आता निम्मे रिकामे होते. तरुण माणसे मस्कतला नाहीतर सोहारच्या कारखान्यांत, ती सुट्टीला येत. शुक्रवारची नमाज व्हायची होती. गल्लीत शुकशुकाट होता आणि त्या शुकशुकाटात पाटाचे पाणी वाजत होते.

इथे पाटाला फलज म्हणतात. त्याच्या वापराचा क्रम शेकडो वर्षांचा आहे: पाणी गावात शिरते त्या पहिल्या जागी फक्त पिण्यासाठी घ्यायचे, खाली मशीद, तिच्या खाली अंघोळी, शेवटी शेते. पहिल्या जागी कोणीही प्यावे. गावकरी असो, वाटसरू असो, कोणत्याही धर्माचा असो. पप्पांना मी हे घरीच सांगितले होते, आणि जागा त्यांच्या मनात भरली ती एवढ्यासाठीच. ते पाटाच्या मुखापाशी पोचले, चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. ते वाकणार इतक्यात मागून हाक आली.

“पत्थरवाली!”

गावातले एक वृद्ध गृहस्थ. माझ्या प्रत्येक फेरीला यांची गाठ पडे. तरुणपणी त्यांनी दोन वर्षे मुंबईच्या गोदीत खजुराच्या गोणी उतरवल्या होत्या आणि तिथून आणलेली हिंदी ते आजही अभिमानाने वापरत. मी त्यांना चाचा म्हणे. माझ्या कामाबद्दल त्यांचे मत असे होते की जे पाणी बकरीसुद्धा पीत नाही ते बाटल्यांत भरून नेणाऱ्या मुलीचे लग्न आधी व्हायला हवे.

“आज मशीन कम है,” ते म्हणाले, “आज बाप लाई है.” मग पप्पांचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी सांगितले की पाहुणा पाटावर वाकून पाणी पीत नसतो. ते वाटसरूंसाठी. पाहुणा घरात बसतो.

बैठक पाटाच्या वरच पाच पावलांवर होती. चटई, उशा, मधोमध झाकलेले ताट. चाचांनी झाकण काढले आणि खजूर पुढे केले. खजुरात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे थांबलेल्या माणसाच्या हृदयाला ते एका दिवसात थांबवू शकते. पप्पांनी हात जोडून नको म्हटले. चाचांनी पुन्हा आग्रह केला, मी पप्पांच्या वतीने नको म्हटले. मग कहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी, आला, बिनकानाच्या छोट्या वाटीत. कहवा घेतला तर एक वाटी घेऊन भागत नाही, ओतणारा ओततच राहतो. आणि ओंजळीचे नव्वद मिलिलिटर जपायचे होते. मी पुन्हा नको म्हटले आणि स्वतः दोन वाट्या प्यायले. शेवटी चाचांनी मातीच्या सुरईतून स्टीलच्या पेल्यात पाणी ओतले. पेला बाहेरून लगेच ओला झाला. त्यांनी तो उजव्या हाताने पप्पांपुढे धरला.

“नहीं चाचा,” मी म्हणाले. “शुक्रिया. नहीं पीते.”

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी पेला सावकाश ताटात ठेवला.

त्यांनी राग दाखवला नाही. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि मला प्रथम कळले नाही की ती आमच्याबद्दल आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी या गावाच्या दवाखान्यात एक हिंदुस्थानी कंपाउंडर होता. माणूस चांगला. रात्री बोलावले तरी येई, गावातल्या सगळ्या पोरांना सुया त्यानेच टोचल्या. पण इतक्या वर्षांत त्याने कोणाच्या घरी पाणी घेतले नाही. त्याचा स्वतःचा मटका होता. एखाद्या मुलाने त्याला हात लावला की तो मटका उलटा करी आणि पुन्हा भरी. “बच्चा लोग समझता था, उसमें दवाई है,” चाचा म्हणाले. पुढे रुस्ताकच्या बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांना समजावून सांगितले की या लोकांच्या धर्मात असते तसे, ते सगळ्यांच्या हातचे पीत नाहीत. ते कळल्यावर चाचांनी त्याला पुन्हा कधी पाणी विचारले नाही. माणसाला अडचणीत का टाकावे?

मग त्यांनी पप्पांकडे पाहिले. आवाज मऊ होता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते.

“आप भी वही वाला?”

मी पप्पांकडे पाहिले. माझ्या आयुष्यात त्यांना कुणी अनेक गोष्टी म्हटलेल्या मी ऐकल्या आहेत. कंपनीतल्या आपल्याच माणसांनी आडनाव विचारून घेतल्यानंतरच्या गोष्टीही. त्यांतल्या कशानेही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. ते चाचांच्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी घाईने बोलू लागले: चाचा, यांची तब्येत, यांची किडनी…

“थांब,” पप्पा मराठीत म्हणाले. “आजार सांगू नकोस आत्ता.”

“पप्पा, कारण तेच आहे. सांगितलं की त्यांना कळेल.”

“त्या कंपाउंडरनेही काहीतरी कारण सांगितलंच असेल.”

माझ्याकडे आकडे होते. दुपारपर्यंतचे द्रव तीनशे चाळीस, अंगावर दोन किलोंच्या आसपास जादा पाणी, शनिवारी सकाळच्या सात वाजेपर्यंत डायलिसिस नाही. मागच्या महिन्यात अशाच जड शुक्रवारी फुफ्फुसात पाणी भरून त्यांना बसल्या जागी श्वास घेता आला नव्हता. मी हे सगळे हळू आवाजात, भराभर सांगितले. त्यांनी ते संपेपर्यंत ऐकून घेतले. मग ते चाचांकडे वळले आणि आपल्या अभियंत्याच्या हिंदीत म्हणाले, “नहीं भाई. मैं वो वाला नहीं. पानी दीजिए. भर के.”

चाचांनी ताटातला पेला उचलला आणि वर पाणी घालून तो काठोकाठ केला. पप्पांनी दोन्ही हातांनी घेतला. ते सावकाश प्यायले. मध्ये एकदा थांबले, पेला ओठांपासून दूर केला नाही, डोळे मिटले आणि उरलेले प्यायले. वर्षभरात मी त्यांना पूर्ण पेला पिताना पाहिले नव्हते. रिकामा पेला त्यांनी परत दिला. चाचांनी तो न विसळता पुन्हा भरला आणि स्वतः प्यायला. मला वाटते, ते मुद्दाम केलेले नव्हते. त्यांना तहान लागली होती.

त्यानंतर पप्पांनी डाव्या हाताची बाही वर सरकवली. कोपराजवळ शीर आणि धमनी जोडून केलेली जागा फुगलेली होती आणि त्वचेवर सुयांच्या खुणा होत्या. चाचांनी तिच्यावर बोटे टेकवली. आत रक्त घरघरत धावते ते बोटांना कळते. त्यांनी हात चटकन मागे घेतला.

“पहले क्यों नहीं बोला?”

“पहले बोलता तो पानी नहीं मिलता.”

चाचा हसले नाहीत. त्यांनी मला विचारले की या पेल्याने काही होईल का. पप्पा म्हणाले, हिच्याकडे हिशेब असतो, हिलाच विचारा. मी सांगितले की उद्या सकाळी यंत्र ते काढून टाकेल. हे बहुतांशी खरे होते. मग मी पेला मागून घेतला, पाटावर जाऊन तो तसाच काठोकाठ भरला आणि नमुन्याच्या मापाच्या बाटलीत रिकामा केला. दोनशे दहा मिलिलिटर. वरून चाचा पाहत होते. ते पप्पांना म्हणाले की तुमची मुलगी आमच्या पाहुणचाराचीही तपासणी करते, लग्नाचे आता खरोखर मनावर घ्या.

निघताना पाटाच्या मुखाशी मी पप्पांना सांगितले की ओंजळ आता नको, मर्यादेत बसणार नाही. ते चपला चढवतच होते.

“झालं की,” ते म्हणाले.

“पण ओंजळीने नाही प्यायलात.”

“ओंजळ लागते ती कुणी पेला देत नाही तेव्हा.” आणि ते भिंतीला धरून पायऱ्या उतरू लागले.

परतीच्या वाटेवर त्यांनी आसन मागे केले नाही; आडवे झाले की धाप लागे. वाटेतले बरका शहर मागे पडेपर्यंत ते ताठ बसून होते. संध्याकाळी आईने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला तेव्हा उमटलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही. तिने विचारले तेव्हा त्यांनी स्वतःच पेल्याचे सांगितले. तिने जेवणातली आमटी काढून घेतली आणि भात कोरडा वाढला. रात्री ते खुर्चीत बसून झोपले.

शनिवारी सातला डायलिसिस कक्षात वजन ६१.६ भरले. तिथल्या केरळच्या सिस्टरने आकडा दोनदा वाचला आणि हिंदीत विचारले की अंकल, काल काय केलेत. पप्पांनी सांगितले की एका घरी पाहुणा गेलो होतो. एका बैठकीत तीन किलोंहून अधिक पाणी काढणे शरीराला सोसत नाही, हे तिला माहीत होते, मला माहीत होते, त्यांनाही माहीत होते. तिसऱ्या तासाला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्यांनी ओरडायचे टाळण्यासाठी माझे मनगट धरून ठेवले. मग रक्तदाब घसरला आणि सिस्टरने पाणी काढण्याचा वेग कमी केला. चार तास झाले तेव्हा यंत्र ठरलेल्या वजनापर्यंत पोचले नव्हते. ती म्हणाली की आज एवढेच. उरलेले सोमवारी पाहू. थोडेसे राहिले तर राहू दे.

उरलेले ते कोणते पाणी, हे सांगता येत नाही. चहाचे असेल, आमटीचे असेल, डोंगरातले असेल. रक्तात मिसळल्यावर कोणत्याही पाण्याला मूळ राहत नाही. ते वेगळे काढण्याची पद्धत माझ्या शास्त्रात नाही. पप्पा काट्यावर उभे राहिले, एका हाताने माझा खांदा धरून, मग मी सांगितल्यावर खांदा सोडून. मी आकडा वाचला आणि लिहून घेतला. डायलिसिसनंतरचे वजन: ५८.७ किलो.